टीका झाली तरी मी पचत नाही

लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा सासूबाईंनी माझ्या आवडीनिवडी विचारल्या, सासऱ्यांनी माझ्या वडिलांची तब्येत विचारली, आणि खिडकीपाशी वही घेऊन बसलेल्या होणाऱ्या नणंदेनं विचारलं, "अपयश आलं तर तुम्हाला सावरायला साधारण किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, "कसलं अपयश?"

"कसलंही."

"चहा मिळाला तर अर्धा तास."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला पाचपैकी चार गुण मिळाल्याचं लग्नानंतर कळलं. एक गुण कापला होता, कारण माझं सावरणं चहावर अवलंबून होतं.

त्या माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न त्यांनी केलं नाही. तीन-चार स्थळं आली होती, पण प्रत्येकाला त्या काहीतरी भरायला द्यायच्या, आणि भरून झाल्यावर ती माणसं परत यायची नाहीत. सासूसासरे गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो. मी, नवरा आणि वन्सं. या घरात इतकी वर्षं मी भाज्या निवडत आले आणि वन्सं मला निवडत आल्या.

वन्सं क्रीडा प्रशिक्षण केंद्रात नोकरीला होत्या. खेळाडूंचं शरीर मोजायला तिथं पुष्कळ माणसं होती. कुणी वजन करायचं, कुणी नाडी बघायचं, कुणी मांडीला टेप लावायचं. मन मोजायला मात्र एकट्या वन्सं. व्यायामशाळेच्या मागे, फाटक्या गाद्या टाकायच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. दारावर ‘मानसशास्त्र विभाग’ अशी पाटी. विभाग म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि वन्सं.

त्यांचं हत्यार म्हणजे एक प्रश्नावली. अठ्ठेचाळीस वाक्यं आणि प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन: नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. ‘सामन्याच्या आदल्या दिवशी मला शांत झोप लागते.’ ‘प्रेक्षकांच्या आवाजानं माझं लक्ष विचलित होतं.’ ‘चूक सांगितली तर मी ती सुधारतो.’ खेळाडूनं खुणा करायच्या, मग वन्संनी भोकं पाडलेला पुठ्ठा त्यावर ठेवून गुण मोजायचे. दडपण पेलण्याचे इतके, लक्ष टिकवण्याचे इतके, शिकायच्या तयारीचे इतके. सगळं मिळून निघायचा तो मनाच्या ताकदीचा आकडा. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. मन मोजणं ही धान्य मोजण्यापेक्षा जोखमीची गोष्ट आहे असं वन्संचं म्हणणं, आणि ते खरंच असावं, कारण धान्य मोजणाऱ्याला रात्री गोळी घ्यावी लागत नाही.

स्वतः वन्संनी आयुष्यात एकच खेळ खेळला. पत्ते. त्यातही हरल्या की गड्डी मोजायच्या. एखादं पान कमी भरलं तर डाव रद्द. लिफ्टमध्ये त्या एकट्या चढत नाहीत, आणि चढल्याच तर डोळे मिटून घेतात. हे मी त्यांच्या खेळाडूंना कधी सांगितलं नाही. घरची गोष्ट घरात.

आता माझ्याविषयी दोन शब्द, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ मी आहे. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. वन्संच्या कोऱ्या प्रश्नावल्या संपत आल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्याच छापखान्यात देते. घरचं माणूस तपासेल."

नेमका तोच आठवडा शाळांच्या प्रश्नपत्रिकांचा होता. माझ्या टेबलावर भूगोल, बीजगणित आणि नणंद असा ढीग लागला होता. वन्संची चार पानं मी वाचली. वाचली असं मला वाटलं, म्हणू या. मनात म्हटलं, ही वाक्यं तर मी एकवीस वर्षं जेवताना ऐकतेय, आणि सही केली.

पाचशे प्रती छापून गेल्या. महिन्याभरात चौसष्ट खेळाडूंनी त्या भरल्या, कारण चार महिन्यांच्या मोठ्या शिबिराची निवड जवळ आली होती. एका शनिवारी दुपारी वन्सं तो गठ्ठा घेऊन जेवणाच्या टेबलावर बसल्या. मी समोर मटार सोलत होते.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "हे काय लिहिलंय या मुलीनं?"

"कुठल्या?"

"ती उंच उडीवाली. बत्तिसाव्या वाक्यापुढे खूण नाही, नुसतं लिहून ठेवलंय. ‘मला अजून कुणी खाल्लेलं नाही, त्यामुळे सांगता येत नाही.’"

मी हसले. "बत्तिसावं वाक्य काय आहे?"

वन्संनी चष्मा सारखा केला. "टीका झाली तरी मी खच..." आणि थांबल्या. मग एकेक अक्षर चावल्यासारखं वाचलं. "टीका झाली तरी मी पचत नाही."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"पचत नाही," वन्सं पुन्हा म्हणाल्या. "मुद्रितं कुणी तपासली होती?"

मी मटारांकडे बघत राहिले. मटार काही बोलेनात.

पण माझं नशीब थोर. वन्संचं माझ्यावरचं लक्ष उडालं, कारण दुसरंच काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी गठ्ठा पुढे ओढला आणि फक्त बत्तिसावं वाक्य बघत भराभर पानं उलटली. एकसष्ट खेळाडूंनी ‘नेहमी’वर खूण केली होती. टीका झाली तरी आम्ही नेहमीच पचत नाही, असं एकसष्ट धडधाकट माणसांनी शांतपणे लिहून दिलं होतं. दोघांनी जागा कोरी सोडली होती. उरलेली एक ती मुलगी.

"त्यांनी वाचलंच नाही," वन्सं म्हणाल्या.

मी समजूत घालायला गेले. "घाईत असतील. मीही..."

"घाईत असते तर खुणा वेड्यावाकड्या आल्या असत्या. हे बघ." त्यांनी दहा-बारा कागद शेजारी शेजारी मांडले. सगळ्यांच्या खुणा एकाच जागी. जणू एकाच माणसानं साठ वेळा भरल्यात. सगळे शांत झोपणारे, सगळे दडपणात फुलणारे, चूक सांगितली की आनंदानं सुधारणारे. साधूंच्या मठातसुद्धा इतकी माणसं एका वेळी सापडणार नाहीत.

सोमवारी वन्संनी केंद्रातल्या सगळ्यात नावाजलेल्या उडीपटूला खोलीत बोलावलं. त्याला सगळे हिरो म्हणायचे. केस तसे होते, चालही तशी होती, आणि मनाच्या ताकदीत शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण होते. वन्संनी विचारलं, "खरं सांग, उत्तरं कुठून आणलीस?"

"चिठ्ठीतून," हिरो म्हणाला.

"कसली चिठ्ठी?"

"वसतिगृहात असते ना, मॅडम. मोठी मुलं जाताना लहानांना देऊन जातात. मी आलो तेव्हाच जुनी झाली होती, मी नवीन कागदावर उतरवून काढली." आणि वन्संचा चेहरा बघून तो बिचारा गोंधळला. "म्हणजे... आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

हे शेवटचं वाक्य वन्संना लागलं. फसवलं याचं दुःख एक वेळ पचवता येतं (शब्दाबद्दल माफी असावी), पण तुम्ही फसलेले आहात हे कुणाला खरंच वाटत नव्हतं, याचं काय करायचं? त्या दिवशी त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आल्या, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

तीन दिवस त्या जेवणापुरत्या बाहेर आल्या. नवरा दारापाशी जाऊन म्हणायचा, "ताई, अगं, चालायचंच." आतून आवाज यायचा, "सव्वीस वर्षं चाललंय, धाकट्या, तेच तर."

चौथ्या दिवशी सकाळी मी दोन कप चहा घेऊन आत गेले. भिंतीवर त्यांचाच एक तक्ता होता. अपयशातून सावरायला लागणारा वेळ: एक तास, उत्तम. एक दिवस, बरा. दोन दिवसांपेक्षा जास्त, मार्गदर्शनाची गरज. मी त्याच्याकडे बोट केलं. "वन्सं, आज चौथा दिवस."

"तो तक्ता खेळाडूंसाठी आहे," त्या पांघरुणातून म्हणाल्या.

"मग उठा आणि खेळाडूंकडे बघा. इतकी वर्षं कागदच बघताय."

"म्हणजे काय करू?"

"जाऊन बसा मैदानावर. माझ्या आईनं कधी कुणाला चौकोन भरायला दिले नाहीत. पाहुण्याच्या हातून पेला फुटला की तो पुढे काय करतो, एवढंच बघायची आणि माणूस ओळखायची."

वन्संनी पांघरूण खाली केलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्या म्हणाल्या, "पेला फुटल्यावर पुढे किती वेळ?"

"तेवढं तिनं मोजलं नव्हतं."

"मोजायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि चहा घेतला. वन्सं उठल्या ते त्या ‘मोजायला’ या शब्दावर. बाकी माझ्या समजावण्यावर नाही, हे मी नम्रपणे मान्य करते.

दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या कडेला एक घडीचं स्टूल, एक मोठी काळी छत्री आणि त्याखाली एक बाई दिसू लागली. एका हातात वही, गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ. दोन दिवसांत त्यांचं नाव छत्रीबाई पडलं. पहिले दोन दिवस तर कुणी धड उडीच मारेना, सगळे छत्रीकडे बघून हसतमुख राहायचे. तिसऱ्या दिवशी कंटाळून विसरले, आणि मग वन्संना जे बघायचं होतं ते दिसायला लागलं.

त्यांनी एकच गोष्ट टिपली. चूक झाल्यापासून पुढच्या प्रयत्नाला नीट उभं राहीपर्यंत माणूस काय करतो आणि त्याला किती वेळ लागतो. उंच उडीत हे बघणं सोपं, कारण तिथं चूक लपत नाही. आडवी काठी खणकन खाली पडते आणि माणूस गादीवर उताणा पडून तिच्याकडे बघत असतो.

चौऱ्याण्णव गुणांच्या हिरोची काठी पडली की तो आधी गादीवर बुक्की मारायचा. मग खांब वाकडे आहेत म्हणायचा. मग वारा. मग बूट. सरासरी अकरा मिनिटं.

आणि ती मुलगी? तिला प्रश्नावलीत एकेचाळीस गुण होते, सगळ्या केंद्रात शेवटून पहिली. बसचालकाची मुलगी, दारातून जाताना सवयीनं मान खाली घालणारी, इतकी उंच. तिची काठी पडली की ती उठायची, केसांचा रबर काढून पुन्हा बांधायची, स्वतःशी काहीतरी पुटपुटायची आणि आपल्या खुणेवर जाऊन उभी राहायची. चाळीस-पंचेचाळीस सेकंद. रोज.

वन्संनी तिला छत्रीखाली बोलावलं. हे सगळं संभाषण वन्संनी मला त्याच संध्याकाळी वहीतून वाचून दाखवलं, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"हरण्याची भीती वाटते, याच्यापुढे तू ‘नेहमी’ लिहिलंस."

"हो."

"तुझ्याकडे चिठ्ठी नव्हती?"

"होती. पण चिठ्ठीत ‘कधीच नाही’ होतं. ते खोटं आहे."

"सामन्याआधी काय होतं तुला?"

"पोटात ढवळतं. कधी उलटी होते. मग उडी मारते."

"आणि भीती?"

"ती असते. मॅडम, उंच उडीत सगळे शेवटी हरतातच. काठी वर वर जाते, लागोपाठ तीनदा पाडली की संपलं. जी पहिली येते तीसुद्धा बहुतेक तीनदा पाडूनच घरी जाते. मग भीती ‘नेहमी’ नाही तर काय लिहू?"

वन्सं वही खाली ठेवून मला म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही."

"तिला विचारलं नाहीत?"

"विचारलं ना, मला आधी का सांगितलं नाहीस म्हणून. तर म्हणे, त्यासाठी चौकोन नव्हता."

निवड समितीची बैठक पुढच्या गुरुवारी होती. उड्यांच्या गटातून शिबिराला दोनच जण जाणार होते. हिरोची जागा पक्की होती. दुसऱ्या जागेसाठी ही मुलगी आणि एक लांब उडीवाला. मुख्य प्रशिक्षकांना सगळे शिट्टीसर म्हणायचे, कारण ते कार्यालयातही शिट्टी तोंडातून काढत नसत. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "मुलगी उंच आहे, पण मन भुसभुशीत. एकेचाळीस! तुमच्याच कागदावर आहे, बाई."

बुधवारी वन्सं मला म्हणाल्या, "उद्या तू येणार आहेस."

"मी? कशाला?"

"चूक तुझी आहे. छापखान्यातर्फे सांगायला हवं."

"वन्सं, माझी नोकरी जाईल."

"नाही जाणार. अपयशातून सावरायला तुला अर्धा तास लागतो, माझ्याकडे नोंद आहे."

तेव्हा गुरुवारी सकाळी मी धुतलेली साडी नेसून, गुन्हेगारासारखी, केंद्राच्या सभेच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याचे चार पेले. संचालक, शिट्टीसर आणि हाडांचे डॉक्टर. चौथ्या पेल्यापाशी वन्सं उभ्या राहिल्या. त्यांचे हात थरथरत होते. वही धरली तर वही थरथरायला लागली, म्हणून ती खाली ठेवली, तर हात कुठे ठेवायचे कळेना. शेवटी त्यांनी पेला धरला. पेला टेबलावर टकटक वाजू लागला. सगळ्या केंद्राला दडपण कसं पेलायचं ते शिकवणारी बाई, मी मनात म्हटलं.

"चर्चेआधी," वन्सं म्हणाल्या, "प्रत्येकानं ही प्रश्नावली भरावी. पाच मिनिटं."

"आम्ही?" संचालक म्हणाले.

"तुम्ही खेळाडूंना यावरून निवडता. एकदा भरून तर बघा."

शिट्टीसरांनी दोन मिनिटांत भरून पेन आपटलं. संचालकांनी फोनवर बोलता बोलता भरली. डॉक्टर तेवढे सावकाश वाचत होते. एकदम त्यांनी मान वर केली. "बाई, बत्तीस नंबरला हे पचनाचं काय आहे?"

वन्संनी बाकीचे दोन कागद उचलले. संचालक: नेहमी. शिट्टीसर: नेहमी, वर दोनदा गिरवलेलं.

मग वन्संनी सगळं सांगितलं. चिठ्ठी, एकसष्ट खुणा, सव्वीस वर्षं. छापखान्याची चूक सांगताना माझ्याकडे हात केला. मी उठून उभी राहिले, "हो, माझीच," म्हटलं आणि बसले. माझं भाषण एवढंच.

"म्हणजे आजवरचे तुमचे आकडे..." संचालक म्हणाले.

"भरवशाचे नाहीत," वन्सं म्हणाल्या. आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं. "दोष खेळाडूंचा नाही. ज्या कागदावर निवड अवलंबून असते, त्यावर कुणी खरं लिहील का? ही चाचणी मी कुणाला वगळायला केली नव्हती. कुणाला काय शिकवायला हवं ते कळावं म्हणून केली होती. पुढे तिची चाळणी कधी झाली, माझंही लक्ष राहिलं नाही."

मग त्यांनी छत्रीखालची वही उघडली. अकरा मिनिटं आणि पंचेचाळीस सेकंद ऐकल्यावर शिट्टीसरांच्या तोंडातून चक्क शिट्टी पडली.

"अकरा मिनिटं? माझ्या पोराला? अशक्य!"

"त्यातली साडेसात मिनिटं, सर, तुम्ही त्याला ओरडत असता. तेही मोजलंय. तुम्ही गप्प असता तेव्हा त्याला साडेतीन लागतात."

डॉक्टर पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला. शिट्टीसरांनी वाकून शिट्टी उचलली. संचालक मात्र कसलेले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, सगळं पटतं. पण वरच्या कार्यालयाच्या अर्जावर मनाच्या ताकदीचा रकाना आहे. तिथं काहीतरी आकडा लागेल."

वन्सं म्हणाल्या, "यंदा तो रकाना कोरा पाठवा. का कोरा ते मी लिहून देते."

त्यांनी सात पानं लिहून दिली. यावेळी मुद्रितं मी चार वेळा तपासली.

शेवटी असं ठरलं की रविवारी दोघांना सरळ मैदानावर उतरवायचं आणि आपापल्या उडीत पात्रतेसाठी ठरलेल्या आकड्याच्या जो जास्त जवळ जाईल त्याला दुसरी जागा द्यायची. आम्ही तिघंही गेलो. त्या मुलीला सकाळी उलटी झाली. हे तिनं स्वतःच येऊन सांगितलं, हवामान सांगावं तसं. लांब उडीवाला आपल्या आकड्याला सात सेंटिमीटर कमी पडला. ही आपल्या आकड्याच्या तीन सेंटिमीटर खालच्या उंचीला दोनदा काठी पाडून तिसऱ्यांदा पार झाली, पुढची उंची मात्र जमली नाही. पार झाली तेव्हासुद्धा काठी ती गेल्यावर हलत होती. माझ्या नवऱ्यानं तेवढा वेळ श्वास रोखून धरला, त्याला खोकला आला.

म्हणजे तिला जागा मिळाली ती चार सेंटिमीटरमुळे. मनाच्या ताकदीचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही. वन्संची सात पानं फायलीत गेली आणि तिथेच सुखानं राहिली असावीत. मी गाडीत म्हटलं, "वन्सं, तुमच्या मेहनतीचं काय झालं?"

"काय व्हायचंय? तिला काढलं नाही ना त्या एकेचाळीसवर."

"पण तुमचा शोध..."

"उडी तिची आहे, अगं," वन्सं म्हणाल्या, आणि बाहेर बघू लागल्या. हरलेल्या माणसासारखं तोंड त्यांनी केलं नव्हतं. पण गड्डी मोजायची इच्छा झाली असणार, हे मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं.

शिबिर संपून मोठी स्पर्धा झाली, त्यात ती मुलगी पाचवी आली. हिरो तिसरा आला आणि परतल्यावर एका दुपारी, कुणी बघत नाही असं बघून, छत्रीखाली गेला. "मॅडम, ते साडेतीन मिनिटांचं कमी करता येईल का?" वन्संनी त्याला सांगितलं की काठी पडली की आधी नळावर जायचं, तोंड धुवायचं आणि तोंड ओलं असेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ना खांबांबद्दल, ना वाऱ्याबद्दल. महिन्यात तो दोन मिनिटांवर आला. शिट्टीसरांनाही तोच उपाय सांगितला होता. ते नळापर्यंत जायचे, पण वाटेत जो भेटेल त्याला ओरडत जायचे. वन्संच्या मते हीसुद्धा प्रगतीच.

प्रश्नावली त्यांनी फेकून दिली नाही. माझ्यासारखीला वाटलं असतं, द्यावी रद्दीत. त्यांनी तिच्यातली तीस वाक्यं काढली, अठरा ठेवली, चौकोनांच्या जागी रेघा मारल्या, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘यावरून निवड होणार नाही.’ पहिल्या वर्षी कुणाचा विश्वास बसला नाही, सगळ्यांनी रेघांवरही साधूसारखीच उत्तरं लिहिली. दुसऱ्या वर्षी एका गोळाफेकपटूनं चार पानं भरून लिहिलं की त्याला गोळाफेक आवडतच नाही, वडिलांना आवडते. वन्सं ती पानं घेऊन संध्याकाळभर बसल्या होत्या. जेवताना एकदम म्हणाल्या, "या मुलाला आधी अठ्ठ्याऐंशी गुण होते."

निवृत्त होऊन त्यांना आता तीन वर्षं झाली. नवीन बाई आल्यात, त्यांच्याकडे तळहाताएवढी यंत्रं आहेत, मनगटाला लावतात. वन्संना ती आवडतात. "निदान यंत्राला चिठ्ठी देता येत नाही," म्हणतात.

ती मुलगी अजून उड्या मारते, आणि एका शाळेत खेळ शिकवते. सामन्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन येतो. गेल्याच आठवड्यात आला होता. मी शेजारीच होते.

"मॅडम, पोटात ढवळतंय."

"किती?"

"नेहमीइतकं."

"मग ठीक आहे. जेवलीस का?"

तिकडून ती काहीतरी बोलली. वन्सं बराच वेळ ऐकत राहिल्या, हुं हुं करत, आणि "येते मी," म्हणून फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "तिला काळजी नको म्हणून सांगितलं, मी आरामात येईन."

सामना दुसऱ्या दिवशी दुपारी चारला होता. वन्सं सकाळी साडेदहापासून चपला घालून, छत्री मांडीवर आडवी धरून, दारापाशी खुर्चीवर बसल्या होत्या.